संगणक सुरू होता होता अडतो तेव्हा

आपल्या गावात आता संगणक आला आहे. बोलताना आपण त्याला कॉम्प्युटर म्हणतो. तो ग्रामपंचायतीत आहे. शाळेत आहे. सेवा केंद्रात आहे. सातबाराचा उतारा त्यातून निघतो. जन्माचा दाखला त्यातून निघतो. पीक विम्याचा अर्ज त्यातूनच भरला जातो. काही गावांत बचत गटाचा हिशेबही त्यातच लिहिलेला असतो.

आणि एखाद्या दिवशी हा संगणक सुरूच होत नाही. मग काय होते? ऐका.

"काहून जी भाऊ, उतारा नाही निघत काय?"

"कॉम्प्युटर अडून बसला, काकाजी. सकाळपासून चालूच नाही होऊन राहिला."

"मग केव्हा येऊ?"

"उद्या या."

उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. एसटीचे भाडे पुन्हा गेले. आणि अर्जाची शेवटची तारीख आजच असली तर? मग सारेच हुकले. म्हणून संगणक का अडतो, हे थोडे तरी आपल्याला कळले पाहिजे. आपल्याला कारागीर व्हायचे नाही. पण काय पाहावे, काय करावे, कशाला हात लावू नये, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

सुरू होणे म्हणजे काय?

दिवा कसा लागतो? खटका दाबला की लगेच. संगणकाचे तसे नाही. तो चुलीसारखा आहे.

चूल पेटवताना आपण मोठे लाकूड एकदम पेटवतो का? नाही. आधी काडी ओढतो. काडीने पऱ्हाटी पेटते. पऱ्हाटीने लाकूड पेटते. मग चूल धडधडते. संगणकही असाच पायरीपायरीने जागा होतो.

संगणकाच्या पोटात दोन जागा मुख्य आहेत. एक आहे कोठी. दुसरा आहे स्वयंपाकाचा ओटा. कोठीला 'डिस्क' म्हणतात. सारी माहिती तिथे साठवलेली असते. वीज गेली तरी ती तिथेच राहते. ओट्याला 'रॅम' म्हणतात. काम चालते ते ओट्यावर. पण वीज गेली की ओटा साफ पुसला जातो. त्यावर काहीच उरत नाही.

म्हणून दर वेळी संगणक लावला की लागणारे सामान कोठीतून ओट्यावर आणावे लागते. ते आणायला सांगतो कोण? त्यासाठी एक लहानशी चिप असते. पहिल्या सूचना तिच्यात कायमच्या लिहिलेल्या असतात. हीच आपली काडी. ती आधी यंत्राचे अवयव तपासते. मग कोठी शोधते. मग कोठीतला मुख्य कारभारी ओट्यावर आणते. या कारभाऱ्याला 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'विंडोज' नावाचा कारभारी असतो.

या सगळ्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द खरोखरच पायातल्या बुटावरून आला आहे. आपल्याच बुटाचे पट्टे धरून आपणच आपल्याला वर उचलायचे, अशी त्यामागची गमतीची कल्पना आहे. संगणक कोणाच्या हाताशिवाय स्वतःच स्वतःला उभा करतो, म्हणून हे नाव पडले. पूर्वीच्या अनेक संगणकांना हे जमत नसे. माणसाला खटके वर-खाली करून किंवा भोके पाडलेली कागदी पट्टी लावून पहिल्या सूचना द्याव्या लागत. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक काम करू लागला. त्याला मोठी खोली लागे. आज त्याहून कितीतरी जास्त काम करणारे यंत्र आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे.

गाडी कोणत्या स्टेशनावर अडली?

नागपूरच्या दक्षिणेला मनीषनगर आहे. नागपूर-वर्धा रेल्वेमार्ग त्याच्या जवळून जातो. नागपूर सोडले की अजनी, मग खापरी, गुमगाव, बुटीबोरी अशी स्टेशने लागतात. पुढे सेवाग्राम, वर्धा येते.

समजा, पाहुणा नागपूरहून गाडीत बसला. आपण वर्ध्याला वाट पाहत आहोत. गाडी येतच नाही. आपण काय विचारतो? "गाडी कुठवर आली?" बुटीबोरी सोडली असेल, तर अजनीला चौकशी करून उपयोग नाही. अडचण बुटीबोरीच्या पुढे आहे.

संगणकाचेही हेच. 'सुरू होत नाही' एवढे म्हणून भागत नाही. कुठवर आला आणि कुठे अडला, ते पाहायचे. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर वर्षानुवर्षे वाहनांच्या रांगा लागत. २०२० च्या नोव्हेंबरात तिथला उड्डाणपूल खुला झाला. त्याआधी रांगेत मागे उभा असलेला माणूस पुढच्या गाडीवाल्यावर चिडे. पण दोष गाडीवाल्याचा नसे. अडलेले असे ते फाटक. दोष नेमका कुठे आहे हे न पाहता चिडून काम होत नाही.

संगणकाच्या वाटेवर पाच स्टेशने आहेत. एकेक पाहू.

पहिले स्टेशन : वीज

बटण दाबले. दिवा लागला नाही. पंख्याचा आवाज नाही. यंत्र एकदम मुके.

आधी भिंतीवरचा खटका पाहा. हसू नका. पुष्कळदा दोष इथेच निघतो. त्याच जागी मोबाईलचा चार्जर लावून पाहा. मोबाईल चार्ज होत नसेल तर दोष बोर्डाचा आहे. संगणकाला बोल लावू नका. मग वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते पाहा. मोठ्या पेटीच्या मागे बहुधा आणखी एक खटका असतो. झाडताना तो बंद होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग सोडा. चार्जर लावून पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानेच तो जागा होतो.

इतके करूनही मुका असेल तर कारागिराला बोलवा. पेटीत वीज बदलून देणारा एक डबा असतो. तो उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते. तिचा जोराचा धक्का बसू शकतो.

दुसरे स्टेशन : अवयवांची तपासणी

दिवा लागला. पंखा फिरला. पण पडदा काळाच.

आधी पडद्याची वायर पाहा. पडद्याला स्वतःचा खटका असतो, तोही पाहा. पडद्याला वीज येत असेल आणि तरी चित्र नसेल, तर कान द्या. पेटीतून 'टूं टूं' असा आवाज येतो का? यंत्र सांगत असते, "माझा एक अवयव मला सापडत नाही." किती वेळा आणि किती लांब आवाज आला, ते कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची खूण निराळी असते. कारागिराला ही खूण फार उपयोगी पडते.

इथे पुष्कळदा रॅमची पट्टी ढिली झालेली असते. धुळीने किंवा दमटपणाने तिची जोडणी बिघडते. जाणता माणूस वायर काढतो, पट्टी काढून पुसतो आणि पुन्हा घट्ट बसवतो. पाच मिनिटांचे काम आहे. "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या," असे कोणी म्हटले तर आधी विचारा, "रॅम काढून बसवून पाहिली का?"

तिसरे स्टेशन : कोठी सापडणे

पडद्यावर कंपनीचे नाव आले. यंत्र तिथेच थांबले. किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. तिचा अर्थ असा : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

घाबरू नका. आधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते पाहा. संगणक कधी कधी त्यालाच कोठी समजतो. आत कारभारी सापडत नाही आणि तो अडून बसतो. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मोबाईलची वायर सारे काढा. फक्त पडदा, कळफलक आणि माऊस ठेवा. पुन्हा सुरू करा.

घड्याळ पाहा. दर वेळी तारीख चुकीची, जुनी दिसते का? मग आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. ती ३ व्होल्टची असते आणि स्वस्त असते. वीज नसताना ती तारीख-वेळ जपते. जुन्या यंत्रात आधी कोणती डिस्क पाहायची, हेही तिच्याच जोरावर लक्षात राहते. बॅटरी संपली की यंत्र विसरभोळे होते. तारीख चुकली तर सरकारी संकेतस्थळेही नीट उघडत नाहीत.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. पेटीतून 'टक् टक्' असा ठोक्यासारखा आवाज येतो का? जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. टक् टक् आवाज म्हणजे ती डिस्क मरणाच्या वाटेवर आहे. मग यंत्र ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक खेपेला आतली माहिती वाचण्याची आशा कमी होत जाते.

चौथे स्टेशन : कारभाऱ्याचे आगमन

विंडोजची खूण दिसली. ठिपक्यांचे गोल चक्र फिरू लागले. फिरतच राहिले. सगळ्यात जास्त संगणक इथेच अडतात.

आधी थांबा. पडद्यावर टक्के वाढत असतील तर नवी दुरुस्ती बसवणे चालू आहे. वीज तोडू नका. अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू द्या. अर्धवट तोडले तर बिघाड वाढतो.

तासभर काहीच हलले नाही, तर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. यंत्र बंद होईल. थोडे थांबून पुन्हा सुरू करा. दोन-तीन वेळा असे अडले की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे आणतात. त्यात सुरुवातीचा दोष शोधून दुरुस्त करण्याची सोय आहे. शेवटी बसवलेली दुरुस्ती काढून टाकण्याचीही सोय आहे. यंत्र मागच्या चांगल्या दिवसाच्या स्थितीला नेता येते. कागदपत्रे जागेवर राहतात.

तिथेच 'सेफ मोड' नावाची एक वाट आहे. सेफ म्हणजे सुरक्षित. या वाटेने संगणक अगदी मोजके सामान घेऊन सुरू होतो. बैल थकला की आपण गाडीतले ओझे उतरवून पाहतो, तसेच हे. रिकाम्या गाडीने बैल चालला, तर दोष बैलाचा नाही, ओझ्याचा आहे. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर यंत्र चांगले आहे. नंतर भरलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने घोळ केला आहे. तो काढला की झाले.

पाचवे स्टेशन : काम सुरू

पासवर्ड टाकला. पडदा आला. पण काही उघडायला दहा मिनिटे लागतात. इथे कोठी गच्च भरलेली असते, किंवा सुरू होतानाच वीस प्रोग्रॅम एकदम जागे होतात. नको ते काढावे. डिस्क फार जुनी असेल तर फिरत्या तबकडीऐवजी 'एसएसडी' बसवून घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो. जुना संगणकही तिने चांगला जलद होतो.

आणि पडदा नीट आला, पण फक्त सरकारी पान उघडत नाही, तर? तो संगणकाचा दोष नाही. तेव्हा "सर्व्हर डाऊन आहे," असे म्हणतात. म्हणजे दूरचे यंत्र तरी बंद आहे, नाही तर इंटरनेटची वाट तरी बंद आहे. इथला संगणक कितीही ठोकला तरी उपयोग नाही.

मोठ्यामोठ्यांचेही अडते

१९ जुलै २०२४. शुक्रवारचा दिवस. जगभर लाखो संगणक एकाएकी निळे पडले. सुरू होत, निळे पडत आणि पुन्हा तेच. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर रांगा लागल्या. प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. दवाखाने, बँका, दूरचित्रवाणी केंद्रे, परदेशात सारीकडे गोंधळ झाला.

झाले काय होते? क्राउडस्ट्राइक नावाची एक कंपनी संगणकाची राखण करणारा प्रोग्रॅम पुरवते. राखणदार म्हणून तो सुरुवातीलाच, कारभाऱ्याबरोबरच जागा होतो. त्या दिवशी कंपनीने एक सदोष फाइल पाठवली. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांपासून १० वाजून ५७ मिनिटांपर्यंत ती जात होती. म्हणजे अवघी ७८ मिनिटे. तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक अडले, असा मायक्रोसॉफ्टने अंदाज दिला.

उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा. ती एक फाइल काढून टाकायची. पुन्हा सुरू करायचा. बस! नवे यंत्र नको, नवी डिस्क नको. पण अडलेल्या यंत्राला दुरून सूचना पोचत नव्हती. म्हणून पुष्कळ ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे जाऊन बसावे लागले. कित्येक ठिकाणी यात दिवसच्या दिवस गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. संगणक अडला म्हणजे तो मोडला असे नाही. आणि कितीही मोठे यंत्र असले, तरी जवळ जाणता माणूस लागतोच.

'फॉरमॅट' म्हणण्याआधी थांबा

दुरुस्तीवाला पुष्कळदा म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो. तासाभराचे काम."

फॉरमॅट म्हणजे कोठी झाडून पुसून रिकामी करणे. नवा कारभारी बसवणे. यंत्र सुरू होते खरे. पण कोठीतला दाणा गेला! बचत गटाच्या बायांनी पाच वर्षे रुपया रुपया जमवला. कोणी किती भरले, कोणाचे कर्ज किती फिटले, ते सारे त्या डिस्कवर होते. ते गेले तर पुरावा कोणता? भांडणे होतात. गट मोडतात. यंत्र पुन्हा घेता येते. विश्वास पुन्हा विकत मिळत नाही.

म्हणून आधी विचारा, "माझी माहिती काढून ठेवली का? ती उघडून दाखवा." संगणक सुरू होत नसला तरी डिस्क चांगली असू शकते. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि माहिती उतरवून घेता येते. काही नव्या यंत्रांत डिस्कला कुलूप असते. ते उघडायला ४८ आकड्यांची किल्ली लागते. यंत्र चांगले असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

एक दिलाशाची गोष्टही ध्यानात घ्या. सातबारा, फेरफार यांची नोंद सेवा केंद्राच्या यंत्रात नसते. ती सरकारच्या यंत्रात असते. गावातले यंत्र अडले तर तुमचा उतारा बुडत नाही. दुसऱ्या केंद्रावरून तो निघतो. डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवरूनही काढता येतो. म्हणून शेवटच्या तारखेला "उद्या या" हे ऐकून परत फिरू नका. दुसरे केंद्र गाठा. अर्ज भरला की पावती घ्या.

ठगापासून सावध

कधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते, "तुमचा संगणक बंद पडला. या नंबरवर फोन करा." फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर पडद्यावर देत नाही. तो ठगाचा नंबर असतो. तो गोड बोलून यंत्राचा ताबा घेतो आणि बँकेचे पैसे उचलतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे थांबण्याची आशा जास्त.

ऊन, धूळ आणि वीज

नागपूरचे ऊन सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. माणसाला घाम येतो. यंत्राला घाम येत नाही. त्याला पंखाच गार करतो. पंख्यावर धुळीचा थर बसला की यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी वायर काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. उन्हात तर नाहीच नाही.

काम चालू असताना वीज गेली तर कोठीतल्या वस्तू अर्धवट राहतात. दुसऱ्या दिवशी यंत्र अडते. म्हणून 'यूपीएस' लावावा. वीज गेल्यावर तो दहा-वीस मिनिटे पुरतो. तेवढ्यात काम जपून ठेवावे आणि यंत्र रीतसर बंद करावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की वायरच काढून ठेवावी.

लक्षात ठेवा

१. आधी पाहा : कोणत्या स्टेशनावर अडला?
२. आधी खटका, वायर आणि पेन ड्राइव्ह पाहा. मग पुढचे.
३. पडद्यावरची ओळ मोबाईलने टिपून ठेवा.
४. टक् टक् आवाज आला तर यंत्र लगेच बंद करा.
५. माहिती काढल्याशिवाय फॉरमॅट नाही.
६. हिशेबाच्या दोन प्रती ठेवा. एक पेन ड्राइव्हवर, दुसरी छापून कपाटात.

सांगा पाहू

१. डिस्कला कोठी आणि रॅमला ओटा का म्हटले?
२. घड्याळ दर वेळी चुकते. काय बिघडले असेल?
३. तुमच्या बचत गटाचा हिशेब कुठे आहे? त्याची दुसरी प्रत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर धडा मिटा आणि आजच ती प्रत करून घ्या.